आधी पैसे, मग उजेड

इंग्लंडमधल्या रेडिंगला आम्ही जे घर भाड्याने घेतलं, त्याच्या विजेला किल्ली होती. निळ्या प्लास्टिकची, जेमतेम अंगठ्याएवढी. ती घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दहा-वीस पौंड भरायचे, घरी येऊन जिन्याखालच्या कपाटात वाकायचं आणि ती मीटरमध्ये खुपसायची. मग मीटर 'टूँ' करणार आणि तेवढ्या पैशांची वीज आपली होणार. गॅसचं कार्ड वेगळं. ते संपायची वेळही ठरलेली. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या, तिसरी काही यायची नाही.

दुकान एका गुजराती काकांचं. पुढे दुधाच्या पिशवीवाल्या गोऱ्या आजी, मागे शाळेची पोरं आणि काका खणखणीत आवाजात विचारणार, "कितना डालूँ?" वीस म्हटलं की नुसते हसायचे. पाच म्हटलं की, "पगार नहीं हुआ?" बँकेपेक्षा या माणसाला आमची परिस्थिती जास्त ठाऊक होती.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण स्टँडिंग चार्ज नावाची एक चीज आहे. तुम्ही अंधारात बसा, नाहीतर सांगलीला जाऊन बसा, मीटर रोजची दक्षिणा काढून घेणारच. विजेचे साठेक पेन्स, गॅसचे तीसेक. दिवाळीला भारतात गेलो, तेव्हा हिशोब करून पुरतील एवढे पैसे भरले होते. पण त्याआधी एकदा मीटरने आम्हाला इमर्जन्सी क्रेडिट दिलं होतं. म्हणजे काळोख होऊ नये म्हणून हातउसने दिलेले काही पौंड. नवे पैसे दिसताच मीटरने आधी ती उधारी वळती करून घेतली, मग उरलेल्यात आमचा संसार चालवला. तसा तो दयाळू. पैसे संपले तरी रात्री, शनिवार-रविवारी, सणासुदीला वीज तोडत नाही. कामाचा दिवस उजाडला की तोडतो. आम्ही हीथ्रोवरून घरी पोचलो, तेव्हा फ्रीजरमधल्या खोवलेल्या नारळाने दारातच आमचं स्वागत केलं. बायकोने बॅगा खाली ठेवायच्या आत जाहीर केलं, "हे बंद. डायरेक्ट डेबिट घ्यायचं." म्हणजे किल्ली नाही, दरमहा पैसे थेट बँकेच्या खात्यातून.

मी माहिती काढली. पूर्वी किल्लीवाल्यांना वीज महाग पडायची, म्हणजे ज्याच्याकडे कमी त्याच्याकडून जास्त. 2023 च्या जुलैपासून तो फरक काढून टाकला. आता ऑफजेमची, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाची, दराची कमाल मर्यादा पाहिली तर किल्लीची वीज उलट किंचित स्वस्तच आहे. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग खोबऱ्याचे पैसे धर त्यात." विषय संपला.

कंपनीला फोन लावला. पुष्कळ पियानो ऐकवल्यावर एक गोड आवाजाची बाई आली आणि म्हणाली, आधी तुमची पत तपासावी लागेल. तपासली. पत सापडली नाही. मी म्हटलं, बाई, मी उभ्या जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही. ती म्हणाली, तेच तर, तुम्ही कुणाकडून घेतल्याचीही नोंद नाही. आमच्याकडे लग्न जमवताना 'मुलगा निर्व्यसनी, डोक्यावर कर्ज नाही' असं मिरवून सांगतात. इथे तोच मुलगा संशयित! शेवटी अनामत रक्कम ठेवायचं ठरलं. मी बुडवणार नाही यावर कंपनीचा विश्वास बसावा, म्हणून आधी कंपनीकडे पैसे ठेवायचे. मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरमालकाला कळवलं. बिल आपण भरत असू तर मीटर बदलायचा हक्क भाडेकरूला असतो, पण सांगितलेलं बरं. त्याचा एका ओळीचा निरोप आला: खुशाल बदला, जाताना जसा होता तसा करून द्या. म्हणजे खोबऱ्याचं भूत पुढच्या भाडेकरूसाठी राखून ठेवायचं.

इंजिनियरची वेळ होती सकाळी आठ ते दुपारी बारा, त्यामुळे तो बाराला दहा कमी असताना आला. जिन्याखालचं कपाट म्हणजे आमचं माजघर. तिथून दोन मोठ्या बॅगा, चकलीचा सोऱ्या, गणपतीची मखर आणि बासमतीची वीस किलोची गोण बाहेर काढली. माणूस मोठा शांत. गोणीवर बसला, टॉर्च तोंडात धरला आणि मीटर बदलून टाकला. गॅसचा मीटर बाहेरच्या पेटीत, तोही बदलला. जाताना एक छोटा पडदा हातात दिला. वीज कमी लागते आहे तोवर हिरवा, वाढली की पिवळा, फार झाली की लाल.

त्याच महिन्यात आई आली. तिने पडद्याचा ताबा घेतला. किटली लावली की स्वयंपाकघरातून आवाज, "झाला गं लाल!" इस्त्री लावली, "झाला लाल!" इथल्या किटल्या चांगल्या तीन किलोवॉटच्या, तो बिचारा दुसरं काय करणार? पण चोरून चहा करायची सोय राहिली नाही.

पहिलं बिल आलं. गॅस मोजतात घनमीटरमध्ये आणि पैसे लावतात किलोवॉट-तासाचे. मधली वाट अशी: घनमीटरला 1.02264 ने गुणा, मग गॅसच्या उष्मांकाने गुणा (तो साधारण 39 च्या आसपास) आणि 3.6 ने भागा. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, "आम्ही सिलिंडर हलवून बघतो."

आता डायरेक्ट डेबिटची गंमत. कंपनी वर्षभराचा वापर अंदाजाने धरते, त्याचे बारा भाग करते आणि दरमहा सारखी रक्कम खात्यातून उचलते. उन्हाळ्यात हीटर बंद, तरी हप्ता तोच. म्हणजे ऑगस्टमध्ये आम्ही जानेवारीच्या थंडीचे पैसे भरतो. सप्टेंबरात आमचे तीनशेच्या वर पौंड कंपनीकडे साठले. किल्लीच्या काळात निदान किती भरायचे ते मी ठरवत होतो आणि काकांशिवाय कुणी बोलत नव्हतं. आता आगाऊपणा तोच, फक्त आकडा ते ठरवतात. मी परत मागितले. उत्तर आलं, हिवाळा येतोय, असू द्यावेत. मी लेखी तक्रार केली, तेव्हा निम्मे परत आले. पाठोपाठ पत्र: तुमची शिल्लक कमी झाल्याचं दिसतं, सबब पुढच्या महिन्यापासून हप्ता वाढवत आहोत.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. तिला या विषयात रस आहे, कारण 2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटर येणार म्हणून महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा तिच्या कॉलनीतही सह्यांची मोहीम निघाली होती. मग सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि आपल्या सहीमुळेच ते झालं असं ती मानते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझे पैसे त्यांच्याकडे पडून असतात?"

"हो."

"व्याज किती देतात?"

"काही नाही."

ती क्षणभर थांबली. आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेचा दर तिला पाठ आहे.

"आणि ज्येष्ठ नागरिकांना?"