छायाबाहुल्या चीनच्या राजवाड्यात जन्मल्या? दावा तपासून पाहू

फिरणारा मजकूर असा: हान सम्राट वूची लाडकी राणी वारली, मांत्रिकाने कातडी बाहुली करून पडद्यावर तिची सावली दाखवली. तिथून ही कला जगभर गेली आणि सगळीकडे तो काळ्या सावल्यांचाच खेळ आहे.

"मांत्रिकाने बाहुली केली." जुन्या ग्रंथांत बाहुली नाहीच. रात्री दिवे लावले, पडदे टांगले, सम्राटाला लांब बसवलं आणि त्याला राणीसारखी स्त्री दिसली, एवढंच आहे. राणीसुद्धा एक नाही: हान काळातला इतिहासकार सिमा च्यान तिचं नाव वांग सांगतो, त्याच्यानंतर लिहिलेला हान घराण्याचा इतिहास ली. बाहुल्यांचे स्पष्ट उल्लेख सोंग राजघराण्याच्या काळातले (१०वं ते १३वं शतक), म्हणजे हजारावर वर्षांनंतरचे.

"चीनमधून जगभर." जावात ११व्या शतकातल्या 'अर्जुनविवाह' काव्यातले प्रेक्षक हे कोरलेलं कातडं आहे हे ठाऊक असूनही रडतात. म्हणजे दोन्हीकडचा पुरावा जवळपास एकाच काळातला. बांधणीही निराळी. चिनी बाहुलीला सहसा तीन काठ्या, एक गळ्यापाशी, दोन हातांना. मुंडकं सुटं, गळपट्टीत खोचलेलं. जावात मुख्य दांडी खालून येते, तिचं टोक केळीच्या खोडात रोवतात. कारागोझ या तुर्की छायाखेळात काठी पडद्याला काटकोनात, बाहुलीच्या भोकात बसते, त्यामुळे पात्राला मागे वळणं अवघड जातं. एवढ्यावरून देवाणघेवाण झालीच नाही असं ठरत नाही. पण एकच उगम सांगणाऱ्याने दाखला द्यायला नको का?

"काळ्या सावल्या." इथे तर मजकूर लिहिणाऱ्याने खेळ पाहिलाच नसावा. आंध्रच्या तोलुबोम्मलाट या छायाखेळात कातडं प्रकाश आरपार जाईल इतकं तासतात आणि मग रंगवतात. तासताना एखादी जागा जाड राहिली की पडद्यावर तिथे मळकट डाग दिसतो. बाहुली पडद्याला टेकलेली हवी. ती दिव्याकडे सरकली की सावली मोठी होते, पण कडा विरतात आणि रंग फिकटतो. दिव्याची ज्योत रुंद असेल तर फारच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्याही रंगीतच. ओडिशाची रावणछाया मात्र खरोखर काळी: रंग नाही, सांधे नाहीत. जावातली बाहुली रंगीत, सोनेरी, पण कातडं अपारदर्शक. उजेड फक्त कोरलेल्या भोकांतून येतो. रंग पाहायचे तर पडद्याच्या ज्या बाजूला सूत्रधार असतो तिकडे बसावं लागतं, आणि लोक बसतातही.