बाळंतपणाच्या तोंडावर आलेल्या कांजिण्या
कांजिण्यांवरील एका लेखात हा लहानपणी येऊन जाणारा किरकोळ आजार आहे असे म्हटले आहे. हे विधान मुलांपुरते बहुतेकदा खरे असले तरी गरोदर स्त्रीला लागू पडत नाही. आमच्या कोल्हापूरकडे अंगावर फोड दिसले की अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवून घरीच थांबणारी कुटुंबे आजही आहेत. गरोदरपणात मात्र हे थांबणे आईच्या फुप्फुसांवर बेतू शकते. प्रसूतीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठले, तर तिची प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी शरीरातील प्रथिने) पोहोचण्याआधीच विषाणू बाळापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून अशा बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन लवकरात लवकर द्यावे लागते. हे त्या लेखात यायलाच हवे होते. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत, त्यांनी ती आधीच घ्यावी आणि पुढे किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी.