त्या खांबावर लिहायला काय जातं?

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घातलेली ६८ वर्षांची बाई भर दुपारी फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला पाऊण तास बसची वाट बघत उभी होती. ती बस तिथं येणारच नव्हती. पाऊण तास नाही, पाऊण वर्ष उभी राहिली असती तरी आली नसती. आणि हे तिला सांगणारी एक ओळ त्या अख्ख्या रस्त्यावर कुठेही लिहिलेली नव्हती.

ती माझी आत्या. वाईहून पुण्याला आली होती डोळे दाखवायला. सकाळी मीच तिला बसनं दवाखान्यापर्यंत सोडलं आणि ऑफिसला पळाले. जाताना विचारलं, "आत्या, परत स्वारगेटच्या एसटी स्टँडपर्यंत जाशील ना गं एकटी?" ती हसली. म्हणाली, "अगं, वाईहून आले की एकटी. चार किलोमीटरचं काय घेऊन बसलीस?"

वाईहून ती खरंच एकटी आली होती. सुमारे ९० किलोमीटर. एसटीच्या कपाळावर देवनागरीत ठळक पाटी असते, स्टँडवर चौकशीची खिडकी असते, भोंग्यावर फलाट क्रमांक पुकारतात, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. वाई ते स्वारगेट तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही. परतीच्या चार किलोमीटरनं मात्र तिचा जीव काढला.

तिनं केलं काय? जे कोणीही शहाणा माणूस करेल तेच. सकाळी ज्या बाजूला उतरली, त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जायची बस या हाताला, तर यायची त्या हाताला. वाईत असंच असतं, साताऱ्यात असंच असतं, जगात बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे. डेक्कनकडून वर जायचं ते फर्ग्युसननं आणि खाली डेक्कनकडे यायचं ते जंगली महाराज रस्त्यानं. स्वारगेटची बस एक अख्खा रस्ता सोडून पलीकडून जाते. हे मला माहीत आहे, कारण मी इथं २२ वर्षं राहते. तिला कसं माहीत असणार? "सगळी वाहनं एकाच दिशेनं जाताना दिसली नाहीत का?" असं मला ऑफिसात एकानं विचारलं. अरे, तिला नीट दिसत असतं तर ती डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला आली असती!

अर्धा तास समोरच्या फुटपाथवर काढून ती पुन्हा सकाळच्या खांबापाशी आली. येईल त्या बसला हात करायचा आणि "स्वारगेट?" विचारायचं. एका कंडक्टरनं दारातूनच ओरडून सांगितलं, "जंगली महाराजवरून, मावशी!" आणि बस गेली. त्याचं काही चुकलं नाही, मागे गाड्यांची रांग लागलेली असते. पण तिला वाटलं, हे देवळाबद्दल सांगतायत. देऊळ आहेच त्या रस्त्यावर, रस्त्याला नावच त्यावरून पडलंय. म्हणून ती लोकांना जंगली महाराजांचं देऊळ विचारत निघाली. शेवटी एका कॉलेजच्या मुलीनं तिचा हात धरून तिला घोले रस्त्यानं पलीकडे नेलं आणि बस येईपर्यंत ती शेजारी उभी राहिली. त्या मुलीचं नावही आत्यानं विचारलं नाही. तिची मी जन्मभर ऋणी आहे. पण एका अनोळखी मुलीनं तास बुडवून आत्याला पोचवलं, याला शहराची व्यवस्था म्हणायचं का?

ज्या खांबापाशी आम्ही सकाळी उतरलो, त्यावर एवढंच हवं होतं: "स्वारगेटकडे जाणाऱ्या बस जंगली महाराज रस्त्यावरून सुटतात" आणि एक बाण. एक पत्रा आणि एक डबा रंग! यासाठी ना सल्लागार लागतो, ना निविदा, ना परदेश दौरा.

आणि बघा, तोच रस्ता एकेरी आहे हे गाडीवाल्याला बरोबर सांगितलेलं असतं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नो एन्ट्रीची गोल लाल पाटी, बाण, आणि चुकला तर पावती फाडायला पोलीस. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, बाजीराव रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे, हे स्कूटरवाल्याला पाटी सांगते. बसमधून उतरणाऱ्याला कोण सांगतं? रस्ता एकेरी करताना बसची परतीची वाट दुसरीकडे जाते हे करणाऱ्यांना माहीत होतं ना? नकाशे त्यांनीच काढले ना? मग उतरलेला माणूस परत कुठून जाणार, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही? की बसनं फिरणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता? मला हे शेवटचंच खरं वाटतं, आणि म्हणून माझं डोकं फिरतं.

खांबांचं म्हणाल तर त्या दिवसानंतर मी मुद्दाम बघत फिरले. स्वारगेट ते डेक्कन, टिळक रस्त्यानं चालत. एका ठिकाणी नुसतं "बस थांबा". नाव नाही, नंबर नाही. आत्याला असाच एक खांब भेटला होता, तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "अगं, इथं नुसतं बस थांबा लिहिलंय. कुठल्या गावचा, ते नाही लिहिलेलं." दुसऱ्या ठिकाणी बसचे नंबर होते, पण उन्हानं इतके उडालेले की ३ आहे का ८ ते कळेना. तिसऱ्या ठिकाणी नंबरांवर क्लासची जाहिरात चिकटवलेली, तिच्यावर पीजीची. एके ठिकाणी थांब्याला कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, त्याच्यामागे काय लिहिलं होतं देव जाणे. आणि ज्या थांब्याला चांगलं छप्पर आहे, तिथं टू आणि थ्री बीएचकेची भलीमोठी जाहिरात. ती रात्रभर दिव्यानं उजळलेली असते. फ्लॅटचं बुकिंग कुठं करायचं ते अंधारातही वाचता येतं. बस कुठं जाते ते दुपारी बारालाही वाचता येत नाही.

फोन आला तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, तू नेमकी कुठं आहेस?" ती म्हणाली, "गुडलक चौक म्हणतायत लोक." पाटीवर मात्र तिनं वाचलं होतं गोखले चौक. आता हे दोन्ही एकच, हे पुणेकराला माहीत. अलका टॉकीज चौक म्हणजे लोकमान्य टिळक चौक. लकडी पूल म्हणजे छत्रपती संभाजी पूल. स्वारगेटचा चौक म्हणजे जेधे चौक. मोठ्या माणसांची नावं द्यावीत, जरूर द्यावीत, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मग दोन्ही नावं लिहा की! कंडक्टर एक नाव पुकारतो, फोनमधला नकाशा दुसरं दाखवतो, रस्त्यावरचा माणूस तिसरंच सांगतो, आणि परगावचं माणूस मधे चिरडतं. पेठांत तर विचारूच नका. "मारुतीच्या देवळापाशी उतर" असं सांगितलं तर पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती, यांतला कुठला? ही नावं मला जिवापाड आवडतात, ती या गावाची श्रीमंती आहे. पण ती खांबावर लिहिलेली नसतील तर परक्या माणसाला त्यांचा काय उपयोग?

लोकांना विचारावं, असं म्हणतात. पुणेकर नीट पत्ता सांगत नाहीत, हा विनोद ऐकून ऐकून कान किटले. खोटं आहे ते. मी आयुष्यभर विचारत आलेय आणि लोक थांबून, हातातल्या पिशव्या खाली ठेवून सांगतात. अडचण वेगळी आहे. तिघांना विचारलं तर तीन उत्तरं येतात, आणि तिघंही मनापासून सांगत असतात. एकाच्या डोक्यात दहा वर्षांपूर्वीचा मार्ग असतो, दुसऱ्याच्या डोक्यात मेट्रोच्या खोदकामात वळवलेला, तिसऱ्याच्या डोक्यात कालपासून बदललेला. मार्ग बदलतात, थांबे पन्नास पावलं पुढे-मागे सरकतात, आणि जुना खांब तसाच उभा राहतो. त्या जुन्या खांबापाशी म्हातारी माणसं उभी असतात आणि बस त्यांच्या समोरून पुढे निघून जाते. मग पळा! गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली माणसं पळताना बघितलीत कधी? मी रोज बघते.

आमच्या सातारा रस्त्यावर तर थांबा रस्त्याच्या मधे आहे की कडेला, इथूनच सुरुवात. २००६ साली या रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, तेव्हापासून काही बस मधल्या मार्गिकेतून जातात, काही कडेनं. मधे उभं राहावं तर आपली बस कडेनं निघून जाते. धावत रस्ता ओलांडावा तर पुढची मधून येते. इतक्या वर्षांत कुठली बस कुठे थांबते याची एक यादी त्या थांब्यावर लावता आली नाही?

ॲप आहे ना, हे उत्तर तर मी आता ऐकूनच घेणार नाही. आत्याकडे बटणांचा फोन आहे. तिला ॲप कोण देणार? आणि माझ्याकडे आहे, तर मला काय मिळतं? बस चार मिनिटांत येतेय असं दिसतं, मग दोन मिनिटांत, मग पडद्यावरून गायब. नकाशावरची खूण रस्त्याच्या या बाजूला आहे की त्या, ते कळत नाही. बॅटरी संपली, नेट गेलं, की आपण जन्मलेल्या गावातही परके. ॲप काढायला माझी हरकत नाही, काढा. पण ते खांबाऐवजी नाही! खांबाला चार्जिंग लागत नाही. खांब पावसात भिजला तरी बंद पडत नाही. तो सहावीतल्या पोराला वाचता येतो आणि आत्यालाही, फक्त अक्षरं बोटभर मोठी हवीत.

"रिक्षा का नाही केली?" हाही प्रश्न झाला विचारून. मीटरनं ७० रुपयांच्या आत होते, मला ठाऊक आहे. पण वाईहून अर्ध्या तिकिटात आलेल्या बाईनं शेवटच्या चार किलोमीटरला ७० का मोजायचे, जेव्हा त्याच रस्त्यानं बस जाते? १ जून २०२५ पासून बसचं पहिल्या टप्प्याचं तिकीट ५ वरून १० झालं. दुप्पट! दिलं लोकांनी. कुरकुरले आणि दिलं. चुकीच्या बसमध्ये चढलं की ते १० पाण्यात, पुन्हा उतरून पुन्हा १०. त्या वाढीव पाच रुपयांतून एका खांबावर चार ओळी लिहून होत नाहीत?

आणि इथं जमत नाही असं कुणी म्हणू नये, कारण याच शहरात जमलेलं आहे. मेट्रोच्या स्टेशनात जाऊन बघा. कुठला फलाट, गाडी कुठल्या दिशेची, पुढचं स्टेशन कुठलं, सगळं लिहिलेलं. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, तिथं मार्ग बदलावा लागतो, आणि मी माझ्या सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा एकदाही कुणाला न विचारता बदलला. पाताळात वाट सापडते! वर आलं, दारातून बाहेर पाऊल टाकलं, की संपलं. समोरच्या खांबावर कुठली बस येते, ते पुन्हा पानवाल्याला विचारा. गाव तेच, माणसं तीच. म्हणजे बसच्या माणसासाठी करायचंच नाही असं आहे.

बस कोण वापरतं, ते बघा म्हणजे कळेल. भल्या पहाटे धुण्याभांड्याला निघणाऱ्या बायका. दप्तर सांभाळणारी पोरं. ससूनला निघालेली, हातात एक्स-रेचं पाकीट धरलेली जोडपी. नवीन नोकरीच्या पहिल्या दिवशी घामाघूम झालेला मराठवाड्यातला मुलगा, जो तीनतीनदा विचारतो, "ताई, ही जाईल ना?" या लोकांनी रोज हात पसरून वाट विचारत फिरायचं. वाट ही भिक्षा मागून घ्यायची वस्तू आहे का?

आत्याला त्या दिवशी वाईची ठरलेली गाडी मिळाली नाही. रात्री साडेनऊला घरी पोचली. फोनवर तक्रार एकाही शब्दानं नाही, उलट मलाच म्हणाली, "माझंच चुकलं गं, मी नीट विचारून ठेवायला हवं होतं." तिचं काय चुकलं? या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही.

पुढची तपासणी महिन्यानं आहे. मी येते म्हटलं तर म्हणाली, "रजा नको काढूस. मी दवाखान्याच्या कार्डामागे लिहून ठेवलंय. जायचं फर्ग्युसन रस्त्यानं, यायचं जंगली महाराज रस्त्यानं, मधे घोले रस्ता." ठळक अक्षरात लिहिलंय म्हणे, थेंब घातल्यावरही वाचता यावं म्हणून. मग जरा थांबून म्हणाली, "पण मधल्या काळात त्यांनी बदललं तर गं?"

मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकलाय.