काळे पट्टे, दुहेरी आवाज आणि स्टुडिओतली रेल्वे: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

कापसाच्या जिनिंगच्या आवारात बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचे दोन सिनेमे, 'अ हार्ड डेज नाइट' आणि 'हेल्प!', दाखवले, त्याला तुम्ही दोन तारे दिले. पहिला सिनेमा काळापांढरा निघाला, पडद्याच्या दोन्ही अंगांना काळे पट्टे होते, मागं शब्द दोनदोनदा ऐकू येत होते, ओठ जुळत नव्हते, अन् 'स्टुडिओत काढलेले सिनेमे' अशी जाहिरात करून रेल्वेच दाखवली, असं तुमचं म्हणणं आहे. यातली आवाजाची तक्रार पूर्ण खरी आहे आणि चूक आमची आहे. म्हणून आधी तीच घेतो.

पडद्याजवळचे स्पीकरचे बॉक्स आणि मधल्या खांबावरचे बॉक्स यांच्यात 24 मीटर अंतर होतं. थंडीच्या रात्री आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पुढचा आवाज खांबापर्यंत यायला 70 मिलिसेकंद लागतात. वायरीतून मात्र तो लगेच पोचतो. त्यामुळे खांबामागं बसलेल्याला आधी जवळच्या बॉक्सातून शब्द येतो अन् मागोमाग तोच शब्द पुढून. बोलण्यात हा फरक 50 मिलिसेकंदांच्या वर गेला की कान त्याला वेगळा आवाज धरायला लागतो. यासाठी आवाजाच्या मिक्सरवर मधल्या बॉक्सच्या लाइनला 80 मिलिसेकंदांचा डिले लावावा लागतो, म्हणजे तिथला आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडावा लागतो: 70 अंतराचे आणि 10 वरचे, म्हणजे पुढचा आवाज आधी पोचतो अन् सगळा आवाज पडद्याकडूनच आल्यासारखा वाटतो. तो डिले त्या दिवशी लावायचा राहिला. खेळाआधी नुसती 'टक' वाजवून कोणी मागच्या रांगेत उभं राहिलं असतं, तर दोन टक ऐकून तिथंच कळलं असतं. शिवाय मागच्या टिनाच्या भिंतीवरून आवाज परत येत होता, त्यासाठी बॉक्स खाली झुकवायला हवे होते.

ओठांचं थोडं वेगळं आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं, चालतो, एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची. शेवटची रांग 40 मीटरवर होती, तिथं पडद्याकडचा आवाज जवळजवळ तीन फ्रेम मागं पडतो. डिलेनं हे सुधारत नाही, खुर्च्याच पुढं घ्याव्या लागतात. पुढच्या खेळाला शेवटची रांग 28 मीटरच्या आत राहील. गाण्यांत मात्र कुठं कुठं ओठ मुळातच हलके निसटतात, कारण गाणी आधी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली आणि शूटिंगला वाजवून त्यावर ओठ हलवले. आपल्याकडच्या प्लेबॅकसारखंच, फक्त गळा त्यांचा स्वतःचाच.

पट्टे आम्ही जाणूनबुजून ठेवले. आपला पडदा स्कोपचा, म्हणजे जास्त रुंद चित्रासाठीचा, 24 फूट रुंद आणि 10 फूट उंच. 'अ हार्ड डेज नाइट'च्या दुरुस्त प्रतीची चौकट 1.75 ला 1, म्हणजे 10 फूट उंचीला साडेसतरा फूट रुंदी. उरलेले साडेसहा फूट दोन्हीकडं वाटले जातात. चित्र ताणून पडदा भरला तर चौघांचे चेहरे भाकरीसारखे पसरतात. कापून भरला तर उंचीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग जातो, अन् त्यात डोकी नाही तर गिटारवरची बोटं जातात. हे आम्ही पुढंही करणार नाही.

काळापांढरा म्हणाल तर तो तसाच काढलेला आहे. युनायटेड आर्टिस्ट्स या सिनेमा कंपनीला कमी पैशात, लवकर सिनेमा हवा होता. 2 मार्च 1964 ला शूटिंग सुरू झालं आणि 6 जुलैला लंडनमध्ये पहिला खेळ लागलासुद्धा. दुसरा, 'हेल्प!', 1965 चा, रंगीत. बर्फ ऑस्ट्रियातला, समुद्र बहामाचा.

आता रेल्वे. दोन्ही सिनेमांचा तळ लंडनजवळच्या ट्विकनहॅम स्टुडिओत होता, पण दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरनं पहिल्याचं शूटिंग लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून सुटलेल्या खऱ्या गाडीत सुरू केलं. तरी सामानाच्या डब्यात पत्ते खेळता खेळता 'आय शुड हॅव नोन बेटर' सुरू होतं ना, ती गाडी नव्हे. ती उभी केलेली व्हॅन आहे, गाडी चालल्यासारखं वाटावं म्हणून माणसं ती हातानं हलवत होती. पुन्हा पाहाल तेव्हा तेवढ्या जागी डब्याच्या हलण्याकडं लक्ष द्या. जाहिरातीत 'स्टुडिओत आणि बाहेर' असं लिहायला हवं होतं, ते आता बदललं आहे.

तुमचे तिकिटाचे पैसे परत मिळतील, आणि त्या रात्री मधल्या खांबामागं बसलेल्या सगळ्यांचेच. तिकिटाचा तुकडा हरवला असेल तर नुसती रांग सांगा.