स्पर्धा आली की उपचार स्वस्त होतात? त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तर तीन जणांनी पाठवला. म्हणणं असं की मोबाईल स्वस्त झाले, विमानाची तिकिटं स्वस्त झाली, कारण तिथे स्पर्धा आहे, मग आरोग्यसेवेतूनही सरकारने हात काढून घ्यावा, हॉस्पिटलं आपसात भिडतील, दर उतरतील आणि दर्जा सुधारेल. दाखला म्हणून लेझिक (चष्मा घालवायचं डोळ्यांचं लेझर ऑपरेशन), सिंगापूर आणि ब्रिटन. पाठवणारी माणसं बिलांनी पोळलेली आहेत, त्यांचा राग खरा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिला मुद्दा, पेशंट हा गिऱ्हाईक आहे, तो चार ठिकाणी चौकशी करून निवडेल.

माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता छातीत कळ आली. अर्ध्या तासात ते आत टेबलावर आणि मी बाहेर हातात फॉर्म घेऊन उभा, डॉक्टर सांगतायत की अँजिओग्राफीत ब्लॉक दिसला तर लगेच स्टेंट टाकू, इथे सही करा. मी सही केली. कुठला स्टेंट, कितीचा, गरज आहे का, एकही प्रश्न तोंडातून फुटला नाही, आणि विचारला असता तरी उत्तर कळलं असतं का मला? मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हॉस्पिटलात पोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत बंद नस उघडायचं टार्गेट असतं. त्या वेळात दर विचारत फिरणार कोण?

आणि घाई नसली तरी गाडं अडतंच. केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने 1963 सालीच हे मांडलं होतं, की आपल्याला काय हवंय हे पेशंटला माहीत नसतं, ते ज्याला माहीत असतं तोच विकणारा असतो. मोबाईल वाईट निघाला तर आठवड्यात कळतं. नको असलेलं ऑपरेशन झालं तर ते नको होतं हे कदाचित आयुष्यभर कळत नाही, उलट आपण डॉक्टरांचे पाय धरतो.

दुसरा, लेझिक बघा, स्पर्धेने किती चांगलं झालं.

बरोबर, आणि तिथे स्पर्धा चालते हे मला मान्यच आहे. पण का चालते? चष्मा आहेच, त्यामुळे सहा महिने थांबलं तरी काही बिघडत नाही, तीन क्लिनिकमध्ये दर विचारता येतात, ऑपरेशन ठरलेलं, पैसे स्वतःच्या खिशातले, आणि दिसायला लागलं की नाही ते एक-दोन दिवसांत स्वतःला कळतं. यातली एक तरी गोष्ट कॅन्सरला, अपघाताला किंवा आयसीयूतल्या बाळाला लागू होते का ते सांगा. जेनेरिक औषधांचंही तसंच, गोळीत काय आहे ते ठरलेलं असतं, दर्जा तपासणारी यंत्रणा असते, म्हणून दहा कंपन्या उतरल्या की भाव पडतो.

तिसरा, विमा कंपन्यांत स्पर्धा वाढवा, हप्ते कमी होतील.

विमा कंपनीला खर्च कमी करायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आजारी माणूस घ्यायचाच नाही. अमेरिकेत स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्याला आधीचा आजार आहे म्हणून बहुतेक राज्यांत सरळ नाकारता यायचं, 2014 पासून कायद्याने ते बंद झालं. कंपन्या तेव्हाही भरपूर होत्या, पण स्पर्धा चालली होती धडधाकट माणसं पटकवायची, आणि ज्याला विमा सगळ्यात जास्त लागतो तो दाराबाहेर.

चौथा, सिंगापूर. इथे फार वेळ घालवत नाही. तिथे हॉस्पिटलातल्या बहुतेक खाटा सरकारी मालकीच्या आहेत, 1984 पासून पगारातून मेडिसेव्ह या उपचारखर्चासाठीच्या खात्यात सक्तीची बचत होते आणि 2015 पासून सगळ्या नागरिकांना सक्तीचा विमा आहे, आधीचा आजार असला तरी. याला सरकारने हात काढला म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

शेवटचा ब्रिटनचा, आणि हा मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, कारण अर्धा खरा आहे. स्पर्धा आणल्यावर हार्ट अटॅकचे मृत्यू घटले असं त्यात लिहिलंय. झालं असं की ब्रिटनने आपल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हॉस्पिटलांत स्पर्धा दोनदा आणली. 1991 मध्ये आणली तेव्हा हॉस्पिटलं दरावरसुद्धा घासाघीस करू शकत होती, आणि कुठे किती पेशंट दगावतात हे लोकांसमोर येत नव्हतं. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की जिथे स्पर्धा जास्त तिथे वेटिंग कमी झालं होतं पण हार्ट अटॅकने मरणारे वाढले होते. वेटिंग मोजलं जात होतं ना, मग ते सुधारलं, आणि जे कोणी बघत नव्हतं तिथे काटकसर झाली. 2006 मध्ये पेशंटला हॉस्पिटल निवडायची मुभा दिली, पण या वेळी प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरवून टाकलेला होता, दर पाडून पेशंट ओढता येणार नव्हते, ओढायचे तर काम चांगलं करूनच. तेव्हा मात्र स्पर्धेच्या भागात मृत्यू जास्त वेगाने घटले. मेसेजमध्ये आहे तो हा दुसरा भाग. पहिला भाग गाळलाय, आणि दुसऱ्या वेळी दर सरकारने ठरवून दिले होते हे तर त्यात कुठेच नाही.