‘घरात बसून लिहिलेलं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नदीतल्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि त्यांच्यातल्या जड धातूंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘तिसऱ्या गोड्या पाण्यात होत नाहीत. आठवडेच्या आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवायला कुणाच्या घरी टाकी आहे? सगळं घरात बसून लिहिलेलं दिसतं.’

पहिली चूक मान्य. तिसऱ्या खाऱ्या-गोड्याच्या मिसळीत होतात; मी सरसकट ‘गोड्या पाण्यातल्या’ म्हणायला नको होतं. शब्द बदललाय. पण पाण्यातलं मीठ उतरलं की कॅडमियम, हा विषारी जड धातू, मिठातल्या क्लोराइडच्या बंधनातून मोकळं होतं आणि शिंपलीच्या अंगात जास्त शिरतं. तेव्हा गोड्या पाण्याचा विषय मी उगाच काढला नव्हता.

आता ‘घरात बसून’. माझं माहेर गोव्यातल्या चोडण बेटावरचं. ओहोटीला आई लुगडं खोचून चिखलात उतरायची, पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपायची. मी मागे पाटी धरून. खाणीतलं खनिज वाहणारी बार्ज (मोठी होडी) गेली की लाट यायची, पाटी सावरेपर्यंत पाणी ढवळून तांबूस. घरी धुताना परातीच्या तळाला उरणारा तो मऊ तांबडा गाळ माझ्या बोटांना अजून आठवतो. 2012 साली हुकूम निघून खाणी थांबल्या. तळाला बसलेला गाळ त्या हुकुमाने उठून जात नाही. शिंपली तेच पाणी गाळून पोट भरते.

मुद्दा खोडायचा होता तर खुशाल खोडायचा. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याला घरबशी म्हणायचं, ही कुठली रीत? तुम्ही कधी गुडघाभर चिखलात उभे राहिला आहात?

टाकीचं म्हणाल तर धातू कमी करायला आठवडेच्या आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवणं हे तिसऱ्या पाळणाऱ्यांसाठी होतं, लेख परत वाचा. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून रेती सुटते, कॅडमियम नाही, हे मीच लिहिलंय. उकळून जंतू मरतात, धातू तसाच राहतो. घरच्यांना माझं सांगणं एवढंच: धक्क्याजवळच्या, सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडच्या तिसऱ्या घेऊ नका आणि रोज खाऊ नका. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच 10 ते 30 वर्षं जातात. माझ्या नातवाला तिसऱ्यांचं सुकं जीव की प्राण, तरी महिन्यातून एकदाच करते. तो ताट पुढे करतो तेव्हा नाही म्हणणं मलाही जड जातं.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा.