ड्रिल, मोटर आणि अख्खं तूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरी बिअर करण्यासाठी माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरडायच्या हात-मिलला मी पट्ट्यांनी मोटर कशी जोडली, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे आक्षेप तीन आहेत. ड्रिल लावलं की 5 किलो माल्ट 3 मिनिटांत भरडून होतं, मग चार पुल्या आणि मधला शाफ्ट हा खटाटोप कशासाठी? जी मिल हाताने फिरते, तिला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हणजे उधळपट्टी. आणि माझ्या फोटोत पट्टा उघडा दिसतो, तो बघून एखादा नवखा माणूस बोट गमावून बसेल.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं पूर्णपणे बरोबर आहे. फोटो जुळणी चालू असतानाचा होता, पण तसं मी कुठेही लिहिलं नव्हतं. पट्टा पुलीत शिरतो त्या जागी बाही, केस, बोट काहीही ओढलं जातं आणि मोटर त्यासाठी थबकत नाही. तो फोटो मी काढून टाकला आहे. आता दोन्ही पट्ट्यांवर प्लायवूडची पेटी आहे, स्क्रूने आवळलेली, अवजाराशिवाय न उघडणारी. तुम्ही न लिहिलेली एक गोष्टही इथे सांगायला हवी, ती म्हणजे स्विच. चालू मिलची वीज गेली की माणूस सहज अडकलेले दाणे काढायला रोलरपाशी हात नेतो. साधा स्विच असेल, तर वीज परत येताच रोलर फिरू लागतात. म्हणून वीज गेल्यावर आपोआप सुटणारा आणि पुन्हा दाबल्याखेरीज चालू न होणारा स्विच बसवला आहे. तरीही हात घालण्याआधी प्लग काढायचाच.

ड्रिलबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तुम्ही वेळेचा हिशोब मांडलात, पण मी मोटर वेळ वाचवायला लावलेली नाही. हाताने 5 किलो भरडायला मला पंधरा मिनिटं लागत आणि ती मला कधी जड वाटली नाहीत. मला खटकायचं ते दर खेपेला वेगळा भरडा निघणं. सुरुवातीला हात जोरात चाले, शेवटी दमून अडखळे आणि एकाच बादलीत दोन तऱ्हेचा माल पडे. रेसिपी तीच, माल्ट तेच, तरी गोडवा कधी चांगला उतरे, कधी कमी. चूक पाण्यात आहे, तापमानात आहे की भरड्यात, हे शोधायचं तर निदान भरडा तरी स्थिर हवा.

दळणं आणि भरडणं हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि या कामात तो फरक फार महत्त्वाचा आहे. बार्लीच्या माल्टचं पीठ करायचं नसतं. आतला पिठाळ गाभा काही तुकड्यांत फुटावा आणि वरचं तूस होता होईल तेवढं अख्खं राहावं, इतकंच हवं असतं. मॅश झाल्यावर, म्हणजे भरडा गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवल्यावर, हेच तूस गाळणीचं काम करतं. त्याचा पोकळ थर तळाशी बसतो आणि त्यातून वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, निथळतं. तुसाचा चुरा झाला की थर दाबून बसतो आणि निचरा थांबतो. शिवाय चुऱ्यातून तुरट टॅनिन अधिक उतरतात, विशेषतः उरलेली साखर काढायला वरून गरम पाणी ओततो त्या शेवटच्या धुण्यात, जेव्हा पीएच 6 च्या वर जातो आणि पाणीही 77 अंश सेल्सिअसपेक्षा गरम असतं.

आता वेगाकडे या. घरगुती दोन रोलरच्या बहुतेक मिलमध्ये एकच रोलर दांड्याने किंवा मोटरने फिरतो. दुसरा दाण्यांच्या रेट्याने फिरतो. वेग बेताचा असेल तर दोन्ही जवळजवळ बरोबरीने चालतात आणि दाणा चेपला जाऊन फुटतो. वेग फार वाढला की दुसरा मागे पडतो, दाणा दातेरी खाचांवर घसरतो आणि चेपला जाण्याऐवजी ओरबाडला जातो. तूस फाटतं ते तिथे. माझे रोलर 38 मि.मी. व्यासाचे आहेत. मिनिटाला 180 फेऱ्यांना त्यांच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे 0.36 मीटर असतो. 600 फेऱ्यांना तोच 1.2 मीटर होतो. ड्रिलचा घोडा (बोटाने दाबायचा स्विच) पूर्ण दाबला तर बरीच ड्रिलं त्याच्याही पुढे जातात.

मग ड्रिल हळू चालवावं, असं तुम्ही म्हणाल. मीही वर्षभर तेच केलं. हळू चालवताना दोन अडचणी येतात. घोडा 180 वर धरून ठेवणं हाताला जमत नाही, भार बदलला की वेग बदलतो. दुसरी अडचण मोठी आहे: ड्रिलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. वेग कमी म्हणजे वारा कमी, आणि भार तर पूर्ण. माझ्या ड्रिलला तिसऱ्या-चौथ्या किलोला जळका वास यायचा, म्हणून मी नकळत वेग वाढवायचो. अशाच एका खेपेला मॅश इतकं तुंबलं की गाळायला अख्खी संध्याकाळ गेली. दोन गिअरचं दणकट ड्रिल खालच्या गिअरवर ठेवून, मध्ये थांबत थांबत चालवलं तर निभतं, हे मान्य. पण ते काही 3 मिनिटांचं काम नाही.

अश्वशक्तीबद्दल. हाताने फिरतं तर 370 वॉट कशाला, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मोजून बघितलं. 20 सें.मी.च्या दांड्याला स्प्रिंगकाटा अडकवून भरल्या हॉपरने (मिलवरचा दाण्यांचा डबा) ओढलं, तेव्हा काटा 6 किलोच्या आसपास राहिला. म्हणजे टॉर्क जवळपास 12 न्यूटन-मीटर. हाताने मिनिटाला 60 फेरे धरले तर हे 75 वॉट होतात, आणि तेवढं माणूस काही वेळ रेटू शकतो. तोच टॉर्क 180 फेऱ्यांना लागला की 225 वॉट झाले. पाव अश्वशक्ती, म्हणजे 186 वॉट, इथेच बाद. एक तृतीयांश (250 वॉट) पट्ट्यांची गळती धरून जेमतेम पुरते, पण आधी मोटर चालू करून मग हॉपरची झडप उघडायची शिस्त पाळलीत तरच. दाण्यांत रुतलेला रोलर जागचा हलवायला जास्त जोर लागतो, म्हणून मी अर्धी अश्वशक्ती घेतली आणि तीही कपॅसिटर-स्टार्ट, म्हणजे सुरू होताना वेगळ्या कपॅसिटरमुळे जादा जोर मिळणारी. नुसत्या रन कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरचा सुरुवातीचा जोर कमी असतो, ती भरल्या मिलला गुरगुरत उभी राहते. मोटर बंद आवरणाची आहे, कारण माल्टची धूळ सगळीकडे शिरते. त्या धुळीत बिअर आंबट करणारे लॅक्टिक जिवाणूही असतात, तेव्हा मिल फर्मेंटरपासून (बिअर आंबवायच्या भांड्यापासून) लांबच ठेवा.

मधल्या शाफ्टचं कारण साधं आहे. 50 हर्ट्झवर चार पोलची मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे घेते, मला 180 हवेत, म्हणजे आठास एक. ए सेक्शनच्या (व्ही-पट्ट्याचं एक माप) पट्ट्याला 75 मि.मी.पेक्षा लहान पुली सोसत नाही, तो वाकून तापतो. एकाच टप्प्यात हे करायचं तर मोठी पुली 600 मि.मी.ची लागेल. त्याऐवजी 75 वरून 225, मग 75 वरून 200. गिअर मोटर थेट जोडली तर हे सगळं टळतं, जुळणीही आटोपशीर होते. तरी मी पट्टाच निवडला, कारण माल्टमध्ये खडा निघतोच, आणि तेव्हा पट्टा घसरतो, गिअरचे दात जात नाहीत.

तुमचं माल्ट ड्रिलवर भरडूनही कधी तुंबलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही पिशवीत मॅश करता का? तसं असेल तर गाळणी कापडाची आहे, तुसाची नाही. बारीक भरडा तुम्हाला उलट फायद्याचाच आहे आणि माझ्या मोटरची तुम्हाला खरंच गरज नाही. मूळ लेखात हा भेद मी करायला हवा होता, तो आता जोडतो.

पिशवी वापरत नसाल, तर ड्रिल न सोडताही एक करून पाहा. 5 किलो माल्टवर 100 मि.लि. पाणी फवारा, हाताने नीट हलवा आणि दहा मिनिटं ठेवून मग भरडा. गाभा कोरडाच राहतो, तूस चिवट होतं आणि वेग थोडा जास्त असला तरी फाटत नाही. शेवटी मूठभर कोरडं माल्ट रोलरमधून जाऊ द्या, नाहीतर पोलादावर गंज धरतो. रोलरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) दोन्ही टोकांना मोजा, मी 1 मि.मी. ठेवतो. आणि ओला-कोरडा दोन्ही भरडा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरून मला फोटो पाठवा. तुमच्या ड्रिलखालून निघालेलं तूस मला बघायचं आहे.